फड की फरद

पहाटे 4.50

जानेवारीच्या थंडीत अंथरुणातून उठवत नाही, पण घरात दिवे लागायच्या आधीचा हा एक तास माझा आहे. नंतरचे सगळे तास कुणाकुणाचे. गॅसवर चहाचं आधण ठेवते आणि गेले सहा आठवडे उघडते तोच कागद आजही उघडते. कागद म्हणजे त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो. मूळ कागद पांझरेकाठच्या एका गावात, एका जुन्या घराच्या माळ्यावर, लाल रुमालात बांधलेल्या दप्तरात आहे. त्या घरच्यांनी तो मला हातात घेऊ दिला, मांडीवर ठेवून वाचू दिला, पण घराबाहेर नेऊ दिला नाही. बरोबरच केलं त्यांनी. खानदेशातली किती दप्तरं 'वाचून परत देतो' म्हणून बाहेर पडली आणि परत आलीच नाहीत.

मोडी वाचायला बसलं की पहिली अडचण रेघेची. लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग तिला अक्षरं टांगत जातो. शब्द कुठे संपला, कुठे सुरू झाला, याची खूण नाही. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. बोरू शाईत बुडवायला जिथे थांबला असेल, तिथे अक्षर गडद, पुढे फिकट. माझ्या कागदावर वरच्या कोपऱ्यात 'श्री', त्याखाली तारखेची ओळ: सु॥ सीत समानीन मया व अलफ. हे अरबी आकडे मला आता पाढ्यांसारखे येतात. सीत म्हणजे सहा, समानीन ऐंशी, मया शंभर, अलफ हजार. झाले 1186. हा शुहूर सन, याचं वर्ष मृगाच्या सुमाराला बदलतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. इसवी सन काढायला त्यात 599 किंवा 600 मिळवायचे. म्हणजे 1785-86. सवाई माधवरावांची कारकीर्द.

तारखेबद्दल शंका नाही. माझा जीव अडकलाय तो सहाव्या ओळीत. तिथे मी वाचते: 'फड पाटाची'.

फड हा शब्द मराठीत किती ठिकाणी नांदतो! उसाचा फड, तमाशाचा फड, कुस्तीचा फड. पेशव्यांच्या कचेरीतला फड वेगळा, त्यावरून फडणीस असंही म्हणतात. आणि आमच्याकडे, धुळे जिल्ह्यात पांझरेवर आणि शेजारच्या बागलाणात मोसम, आरम या नद्यांवर फड म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर सगळ्या गावानं मिळून भिजवायचा जमिनीचा मोठा तुकडा. ही फड पद्धत माझ्या प्रबंधाचा विषय. ती तीनशे-चारशे वर्षं जुनी आहे असं लेखांमधून लिहिलेलं असतं. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं उचललं. माझ्याही पहिल्या मसुद्यात तो आकडा आहे, आणि त्याखाली तळटीप म्हणून दुसऱ्याच्या लेखाचा हवाला. 1785च्या कागदात गावाच्या पाण्याचा फड सापडला, तर तो आकडा पहिल्यांदा कागदावर टेकेल. निदान मधला एक टप्पा तरी.

फक्त 'ची' खटकते. फड पुल्लिंगी. 'फड पाटाचा' असं हवं होतं. कारकुनाची चूक असेल, असं मी सहा आठवडे स्वतःला सांगत आले आहे.

चहा उतू जातो. गॅस बंद करते.

7.20

पहिला तास प्रथम वर्ष कला शाखेचा. मी तासिका तत्त्वावर शिकवते. जितके तास तितके पैसे. परीक्षेचे दिवस, सुट्टी, आजारपण आणि संशोधनाचे तास त्यात धरत नाहीत. जळगाव-धुळ्यात माझ्यासारखी पंचविशी-पस्तिशीतली कितीतरी माणसं आहेत. सकाळी वर्ग घ्यायचा, दुपारी ग्रंथालय गाठायचं आणि रात्री कुणाच्या तरी मुलांच्या शिकवण्या. या जिल्ह्यांतल्या संशोधनाबद्दल बोलताना ही माणसं आधी डोळ्यांपुढे यायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

आज पाटणचा शिलालेख घेते. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात 1865 साली डॉ. भाऊ दाजी लाड यांना तो सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, त्यानं आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणी' आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवायला मठ काढला. त्या मठाला दिलेल्या दानाचा हा लेख. बराचसा संस्कृतात आणि शेवटी, बाजारातून, गिऱ्हाइकाकडून मठाला काय काय द्यायचं ते सांगणारा भाग जुन्या मराठीत. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्या जळगाव जिल्ह्यात गणित-ज्योतिषाची एक संशोधन संस्था होती आणि तिचं अनुदान बाजारपेठेतून येत होतं. मुलं हसतात, मग एकदम गप्प होतात. कानळद्याहून, असोद्याहून पहिल्या एसटीनं आलेली मुलं आहेत ही. आपल्या जिल्ह्याबद्दल असं काही त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मग मी तारखेकडे वळते. लेखात शक 1128 आहे आणि संवत्सराचं नाव प्रभव. आता पंचांगानं पाहिलं तर प्रभव येतो शक 1129ला. आकडा एक सांगतो, नाव दुसरं. कुणाचं खरं मानायचं? पण लेखात तिसरी गोष्टही आहे. श्रावण पौर्णिमा आणि त्या दिवशीचं चंद्रग्रहण. ग्रहण मागे मोजत नेता येतं. ते 9 ऑगस्ट 1207 या दिवशी बसतं. म्हणजे प्रभव बरोबर, आकड्यात एका वर्षाचा फरक.

"मॅडम, मंग चंद्रानं साक्ष दिली म्हना," मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणतो.

हे वाक्य मी वहीत लिहून घेते. इतिहास आणि खगोल एकत्र कसे काम करतात, हे सांगायला मला पान-दीड पान लागलं असतं.

9.05

जळगाव–धुळे बस. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून आठवड्यातून दोनदा धुळ्याला जाणं परवडतं, हे संशोधनाच्या खर्चाच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही, म्हणून इथे लिहिते. डब्यात कळण्याची भाकर आणि काल रात्रीचं भरीत. आईनं पऱ्हाट्यांवर वांगी भाजली होती. धुराचा वास पिशवीतून अजून येतोय.

गिरणेचा पूल, विद्यापीठ, पाळधी मागे पडतात. 1990 साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालं, 2018ला त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. असोद्याची, शाळेत न गेलेली बाई, आणि तिच्या नावाचं विद्यापीठ. त्या नावाखालून जाताना दरवेळी माझ्या मनात एकच हिशेब येतो: तिच्या बोलीतले शेतीचे, पाण्याचे, मातीचे शब्द अजून पुरते गोळाही झालेले नाहीत. माझं घर लेवा बोलीतलं, माझं क्षेत्रकाम अहिराणीत आणि प्रबंध प्रमाण मराठीत. एकाच पाटाला तीन नावं होतात आणि मला तिन्ही लिहून ठेवावी लागतात.

एरंडोलनंतर रस्त्याच्या दोन्ही अंगांना दादर उभी आहे, कणसं भरत आलेली. मध्येच हरभरा, गहू, उपटून ढीग लावलेली पऱ्हाटी. पारोळ्याला एक बाई चढतात, शेजारी बसतात. अमळनेरहून आलेल्या. अमळनेर म्हटलं की मला तत्त्वज्ञान मंदिर आठवतं. श्रीमंत प्रतापशेठांनी 1916 साली काढलेलं. तालुक्याच्या गावी वेदान्ताची संस्था, तिथून इंग्रजीत तत्त्वज्ञानाचं त्रैमासिक निघायचं आणि देशभरचे विद्वान त्यात लिहायचे. गिरणीचा मालक तत्त्वज्ञानासाठी पैसा काढतो, ही गोष्ट आज कुणाला सांगितली तर खरी वाटत नाही.

फोनवर एक निरोप येऊन पडलाय: तीन दिवसांत शोधनिबंध प्रकाशित, प्रमाणपत्रासह, अमुक इतके रुपये. असे निरोप आठवड्याला चार-पाच तरी येतात. अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादी होती तेव्हा निदान एक कुंपण होतं. तीही 2025च्या फेब्रुवारीत बंद झाली. आता पारख ज्याची त्यानं करायची. माझ्या बरोबरीच्या काहींनी पैसे भरलेत. नोकरीच्या मुलाखतीला निबंध मोजतात, निबंधात काय आहे ते वाचायला कुणाला वेळ नसतो. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. पण मी निरोप पुसून टाकते.

11.30

धुळे. गल्ल्यांना नंबर असलेलं हे गाव कॅप्टन ब्रिग्जनं आखलं. 1818 साली खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर ब्रिग्जनं ठाणं धुळ्याला आणलं आणि सरळ रेघांचं नवं गाव वसवलं. पण धुळ्याला माझ्यासारखे लोक येतात ते राजवाड्यांसाठी.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी याच गावात वारले. 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि पुढे एकामागून एक, असे एकूण बावीस खंड. पुण्यात 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभं करायलाही तेच. आणि शेवटची वर्षं धुळ्यात, शब्दांच्या मागे. त्यांच्या मागे त्यांचे कागद, टिपणं, धातुकोशाची सामग्री राहिली आणि ती सांभाळायला इथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. भास्कर वामन भटांसारख्या माणसांनी ते चालवलं, 'संशोधक' नावाचं नियतकालिक काढलं, राजवाड्यांचा धातुकोश छापून काढला. पुणं इतकं दूर, सरकारी आधार तुटपुंजा, तरी इथे पोथ्या, ताम्रपट, नाणी, मूर्ती आणि दप्तरं एका छताखाली आली. यावर मला नेहमी भरून येतं. गावोगाव पायी हिंडून, लोकांच्या माळ्यांवरून कागद खाली उतरवणारा तो माणूस आमच्याकडे येऊन थांबला, हे खानदेशचं भाग्य.

मला आज भेटायचंय ते इथे नेहमी येऊन बसणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना. मोडी त्यांना वर्तमानपत्रासारखी वाचता येते. मी त्यांना सर म्हणते, ते मला ताई म्हणतात.

"दाखवा ताई, तुमचा फड."

मी छापून आणलेला मोठा कागद पुढे सरकवते. सर चष्मा कपाळावर चढवतात, भिंग घेतात. सहावी ओळ वाचतच नाहीत. पहिल्या ओळीपासून सुरू करतात, तोंडातल्या तोंडात, एका लयीत. अडलं तर मागे जातात, पुन्हा तीच ओळ. पाचव्या ओळीला त्यांचा वेग वाढतो. सहावीला थांबतात.

"इथे तुम्ही काय वाचलंत?"

"फड पाटाची."

"ची कुणाची?"

माझ्या पोटात खड्डा पडतो. "कारकून चुकला असेल असं वाटलं, सर."

"कारकून चुकला म्हणायच्या आधी आपण चुकलो का ते पाहावं," सर म्हणतात. आवाजात जराही टोचणी नाही. कोऱ्या कागदावर ते पेन्सिलीनं आडवी रेघ ओढतात आणि तिला अक्षरं टांगू लागतात. "हा फ. आता बघा, त्याच्या शेपटीला हा वळसा. तो शाईचा फाटा नाही, तो र आहे. या हाताची सवयच आहे र असा आधीच्या अक्षरात लपवायची. दुसऱ्या ओळीत 'सरकार' बघा, तिसरीत 'बरहुकूम' बघा. तिन्ही ठिकाणी तोच वळसा. आणि तुम्ही ज्याला ड म्हणता तो द आहे. फरद."

"फर्द..."

"यादी. आणि पुढे पाटाची नाही, पटीची. पट्टीची. मोडीत जोड ट कुठला शोधता! फरद पटीची. म्हणजे पट्टी कुणाकडून किती घ्यायची त्याची यादी. फरद स्त्रीलिंगी, म्हणून ची. कारकुनाचं व्याकरण पक्कं होतं."

त्यानंतरच्या ओळी आता आपोआप उलगडतात. नाव, पुढे आकडा. नाव, पुढे आकडा. तीसेक नावं. मी सहा आठवडे या नावांना पाण्याचे वाटेकरी समजत होते. ते कर भरणारे निघाले.

मला रडू येईल असं वाटलं होतं. येत नाही. उलट ते 'ची' जागेवर बसलेलं पाहून कसलातरी दिलासा वाटतो. गेले सहा आठवडे रोज पहाटे ते मला सांगत होतं, मीच ऐकत नव्हते. चांगदेवाच्या लेखातलं ग्रहण आणि माझ्या कागदातलं लिंग, दोन्ही एकाच कामाला लागलेले साक्षीदार.

सर तेवढ्यावर सोडत नाहीत. "गंमत बघा. फडणीस हा शब्दच मुळी फर्दनवीस वरून आला म्हणतात. म्हणजे फर्दचा फड झालेला आहेच मराठीत. तुमच्या डोळ्यांनी तेच केलं, फक्त इतक्या लांब पांझरेवर नेऊन." मग थोडं थांबून म्हणतात, "पाण्याचा फड या नावाचा उगम काय, ते मात्र शोधा. ते प्रकरण अजून कुणी नीट लिहिलेलं नाही."

तासभर आम्ही पुढची दोन पानं वाचतो. उठताना कागदाच्या समासात मी पेन्सिलीनं लिहिते: 'फरद पटीची' आणि तारीख.

1.40

पांझरेच्या पुलाजवळ झाडाखाली डबा. भरीत थंड झालंय, तरी चांगलं लागतंय. नदीत पाणी नावाला.

2.45

साक्री रस्ता, कुसुंब्याच्या पुढे. फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चालत. खांद्याला मातीचे नमुने काढायचं गिरमिट, पिशवीत टेप, वही, लेबलं. गिरमिट खांद्यावर घेऊन चालणारी बाई पाहून दरवेळी कुणीतरी मोटारसायकल थांबवतं आणि विचारतं, बोअर घेताय का?

फड कसा चालतो, ते इथे उभं राहिल्याशिवाय नीट सांगता येत नाही. नदीवर दगडी बंधारा. त्याच्या एका टोकाशी पाटाचं तोंड. पाट नदीच्या कडेकडेनं, उताराची चाहूल घेत जातो. काही गावांत दोन किलोमीटर, काही ठिकाणी दहा-बारा. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात जाणाऱ्या बारीक सरी. भिजणाऱ्या सगळ्या जमिनीचे सहसा चार मोठे भाग पाडलेले, तेच फड. लहान फड दहा हेक्टरचा असतो, मोठा दोनशेचा. एका फडात एका हंगामाला एकच पीक. यंदा याच्यात ऊस, त्याच्यात गहू, पलीकडच्यात दादर, एखादा पडीक. पुढच्या साली फेरपालट. बहुतेक घरांचा तुकडा प्रत्येक फडात असतो, म्हणून कुणी कायमचा उसाचा धनी होत नाही आणि कुणी कायमचा कोरडा राहत नाही. आणि मुख्य म्हणजे पाणी शेतकरी स्वतःच्या हातानं घेत नाही. पाटकरी सगळ्यांच्या वतीनं सगळ्यांना देतो. त्याच्यावर हवालदार, राखणीला जागल्या, सगळ्यांच्या वर गावची पंच कमिटी. पाटातला गाळ काढायला गावच उतरतं.

यात किती शहाणपण साठलंय ते मातीच्या नमुन्यांत कळतं. काळ्या जमिनीला बारा महिने उसाचं पाणी पाजलं की ती चिबडते, मग खारवट होते, शेवटी चोपण. फेरपालटामुळे जमिनीला श्वास मिळत होता. जिथे फड मोडला आणि प्रत्येकानं आपापल्या विहिरीवर मोटार बसवून ऊस लावला, तिथे बांधाकडेला पांढरी खरपुडी दिसते. माझ्यासाठी नमुने एक मातीशास्त्रज्ञ तपासून देतात. विद्युतवाहकता मीटरला 4 डेसीसायमनच्या वर गेली की जमीन खारी धरतात. त्यांच्या प्रयोगशाळेतला आकडा आणि माझ्या वहीतली 'इथे फड कधी मोडला' ही नोंद आम्ही शेजारी शेजारी ठेवत चाललो आहोत. आकडा त्यांचा, साल माझं. दोघांपैकी एकाचं काम दुसऱ्याशिवाय अर्धं राहतं.

गॅझेटिअरचा खानदेशचा खंड 1880चा. त्यात पश्चिम खानदेशातल्या नद्यांवरच्या बंधाऱ्यांची नोंद आहे, बरेच तेव्हाच मोडकळीला आलेले, आणि ते मुसलमानी राजवटीत बांधले गेले ही लोकांची आठवणही. म्हणजे थाळनेर-बऱ्हाणपूरचे फारुकी, असं धरून चालतात. त्यानंतर चारच वर्षांनी, 1884 साली, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नावाचे तरुण अभियंते मुंबई इलाख्याच्या नोकरीत खानदेशात आले आणि पांझरेच्या प्रवाहातून नळाचा सायफन घालून पाणी नेण्याचं काम त्यांनी केलं. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी पिकांचे गट पाडून पाणी देण्याची ब्लॉक पद्धत आणली. तिच्यात फडाचा वाटा किती, हे माझं तिसरं प्रकरण. सारखेपणा तर उघड दिसतो. पण सारखं दिसणं म्हणजे तिथून घेणं नव्हे, हे आज सकाळीच मला पुन्हा एकदा कळलंय.

नाना ओट्यावर बसलेत. तरुणपणी पाटकरी होते. दप्तर त्यांच्याच घरचं.

"ये बेटा, बस. कागद वाचायी गया का?"

मी सांगते. फड नाही, फरद. पाट नाही, पट्टी. माझंच वाचणं चुकलं होतं. सांगताना मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. गेल्या महिन्यात त्यांनी अर्ध्या गावाला सांगून ठेवलंय, आमच्या घरात फडाचा पेशव्यांच्या वेळचा कागद आहे म्हणून.

"म्हंजे आम्हना फड जुना नही?"

"जुना नाही असं नाही, नाना. या कागदात तो नाही, एवढंच."

ते बराच वेळ काही बोलत नाहीत. मग काठी घेऊन उठतात. "चाल."

आम्ही पाटाच्या कडेनं चालतो. ते काठीनं दाखवतात: इथे पाणी मोजायचा दगड होता, इथे रात्री जागल्या शेकोटी करायचा, या वळणाला दरवर्षी गाळ साचतो. एका जागी पाटाच्या तळाशी दगडांचं जुनं अस्तर उघडं पडलंय. मी टेप लावते, दोन्ही काठ मोजते, फोटो काढते, मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपते. नाना वाकून एका दगडावरून हात फिरवतात.

"कागदमा नही ऱ्हायना तं काय व्हयनं? पाट तं शे ना."

मी ते त्यांच्या शब्दांत लिहून घेते. पाट आहे हे खरंच. पण पाटाला तारीख नसते, आणि तारीख लावणं हे माझं काम आहे. तो दगड कधीचा, ते सांगायला आता मला बांधकाम जाणणारं कुणीतरी लागेल.

गिरमिटानं दोन ठिकाणी नमुने काढते, 0 ते 30 सेंटिमीटर आणि 30 ते 60. नाना पिशव्यांवर लेबलं चिकटवतात. परत आल्यावर विचारतात, यादीत आमच्या घरातलं नाव आहे का? मी सरांबरोबर उतरवलेलं वाचायला लागते. प्रत्येक नावाला ते बोटावर पिढ्या मोजतात. बाप, आजा, पणजा, खापरपणजा. चारांवर येऊन थांबतात. कागद त्याच्याही मागे आहे. उजेड कमी होत आलाय, शेवटची बस गाठायची आहे. उरलेली नावं नातवाच्या फोनवर पाठवते, असं सांगून निघते.

6.15

धुळे स्थानक. भूगोलात काम करणाऱ्या मैत्रिणीचा निरोप आणि एक काळंपांढरं चित्र. 1960 ते 1972च्या दरम्यान अमेरिकेनं कोरोना नावाचे टेहळणी उपग्रह सोडले होते. शत्रूची क्षेपणास्त्रं शोधायला काढलेले ते फोटो 1995 साली खुले झाले आणि जगभरच्या पुरातत्त्ववाल्यांना त्यात बुजलेले कालवे, मोडलेली गावं दिसू लागली. पांझरेच्या वरच्या अंगाला धरणं होण्यापूर्वीचा हा पट्टा त्यात सापडेल का, म्हणून आम्ही शोधत होतो.

बसच्या दिव्यात फोन तिरका धरून पाहते. नदीची राखाडी दोरी. तिच्या एका अंगाला केसाएवढी बारीक फिकट रेघ, वळणं घेत जाणारी. तिच्या पुढे गडद-फिकट तुकड्यांचे मोठे मोठे पट्टे. दुपारी मी जिथे टेप लावली, ते वळण यात आहे का? मैत्रिणीला विचारते. ती लिहिते: घाई करू नकोस, आधी चित्र नकाशावर बसवू दे. फिल्म वाकडी असते.

आज दुसऱ्यांदा कुणीतरी मला हळू जायला सांगितलंय.

9.40

जळगाव. जेवण, आईच्या गोळ्या, उद्याच्या तासाची टाचणं. मग प्रबंधाची फाइल. दुसऱ्या प्रकरणात सहा आठवड्यांपूर्वी हौसेनं घातलेला परिच्छेद अजून तसाच आहे, 'इ. स. 1785-86च्या कागदात फडाचा उल्लेख आढळतो' इथून सुरू होणारा. तो मी काढून टाकते. त्याच हातानं पहिल्या प्रकरणातलं 'तीनशे-चारशे वर्षे'ही काढते आणि तिथे लिहिते: 1880 साली हे बंधारे जुने मानले जात होते. एवढंच मला माहीत आहे, एवढंच लिहिते. प्रकरण दोन पानांनी लहान झालं.

मग वेगळी नोंदवही. दप्तर, पान पहिलं, ओळ सहावी: 'फरद पटीची', आधीचे वाचन 'फड पाटाची' चुकीचे. पुढे चुकीचं कारण, र लिहायची लेखकाची सवय, दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतली उदाहरणं. या हाताचा आणखी कागद उद्या कुणापुढे आला, तर त्याचे सहा आठवडे वाचतील.

शेवटी सगळी नावं देवनागरीत उतरवून नानांच्या नातवाला पाठवते. आकडे मुद्दाम त्याच जुन्या पद्धतीनं, रुपये आणि आणे.

10.20ला त्याचा आवाजी निरोप येतो. मागे नानांचं खोकणं ऐकू येतंय, आणि नातू म्हणतोय, "ताई, नाना झोपतच नाहीयेत. म्हणताहेत, शेवटून दुसरं नाव परत वाचायला सांग. ते माणसाचं नाव नसेल, आमच्या शेताचं असेल."

मी फोटो उघडते, बोटांनी ओळ मोठी करते आणि दिवा जवळ ओढते.